टाकीमागचा काळोख

गल्लीत तिला सगळे पडदेवाल्या वहिनी म्हणत. जवळजवळ प्रत्येक घराच्या खिडकीला तिच्या हातचा पडदा होता, आणि खिडकीचं माप घ्यायला गेलं की घराचंही माप कळतंच. कुणाच्या झोपायच्या खोलीला दुहेरी अस्तर लागतं, कुठल्या सासूला सून खिडकीत उभी राहते म्हणून जाड कापड हवं असतं, कोण म्हणतं की आतला उजेड बाहेर दिसायला नको आणि ते का म्हणतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण वहिनींच्या कानावर घातलं म्हणजे विहिरीत दगड टाकला, असं बायका म्हणायच्या. बुडाला तो बुडाला, वर येणार नाही.

गोष्टी पोटात ठेवायची ही सवय तिला कामातून लागली की घरातून, हे सांगणं कठीण. घरात नवरा होता. एका मोठ्या गोदामात तो स्टोअरकीपर होता आणि कुलूप हा त्याचा धर्म होता. दार लावलं की कुलूप ओढून बघायचं, चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढायचं. अशा माणसाच्या गोदामातून एका सुट्टीनंतर माल गायब झाला. कुलूप जागेवर, चावी याच्या खिशात, आणि आतली खोकी रिकामी. चौकशी झाली. त्यात गोदामाच्या फाटकावर बसणाऱ्या कारकुनाने सांगितलं, "चावी त्यांच्याकडेच होती." ते खरंच होतं. पण तो कारकून म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

चोरी कुणी केली ते कधीच कळलं नाही. नवरा मात्र वेळेआधीच घरी बसला. ज्या दिवशी बसला त्या दिवशी त्याने जेवताना, आवाज न चढवता, तिला सांगितलं, "आजपासून त्या घराची पायरी चढायची नाही."

दोन्ही घरं पाठीला पाठ लावून होती. यांचं पुढचं दार या गल्लीत, बहिणीचं पुढचं दार पलीकडच्या गल्लीत, आणि मध्ये दोघींची मागची अंगणं आणि तारेच्या जाळीचं एक जुनं कुंपण. तिने नवऱ्याचा शब्द मोडला नाही. पायरी चढायची नाही म्हणाला होता, आणि धाकटीच्या मागच्या दाराला पायरीच नव्हती.

पुढे कारकून वारला तेव्हा नवरा तिकडे गेला नाही, पण तिला अडवलंही नाही. तिने जाऊन यावं आणि तो विषय काढू नये, असं काहीतरी न बोलता ठरलं. त्यानंतर धाकटीचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली राखता येईल. थेंब सकाळ-संध्याकाळ न चुकता पडले पाहिजेत. धाकटीचे हात थरथरायचे. स्वतः घातले तर निम्मं औषध गालावर जायचं. पोर ना बाळ, मग घालणार कोण?

नवरा सकाळी आंघोळीला शिरला की ती एकदा जाऊन यायची, आणि संध्याकाळी तो फेरफटक्याला बाहेर पडला की दुसऱ्यांदा. अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची पांढरी टाकी होती, बुटक्या ओट्यावर बसवलेली. टाकीमागे कुंपणाची जाळी एका खांबापासून सुटली होती. हाताने बाजूला सारली की एक बाई तिरपी होऊन पलीकडे जायची. हातात जेवणाचा डबा, पदराआड औषधाची बाटली. थेंब घालायचे, डोळे मिटून पडून राहायला सांगायचं, दोन शब्द बोलायचे आणि परत. सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की यात काही लपवतोय असंही तिला वाटेनासं झालं होतं.

मग थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी नवरा मागच्या दारातून आत आला, चप्पल न काढता. ती पडद्याची पट्टी दुमडत होती.

"कुणीतरी येतंय," तो म्हणाला.

"कुठे?"

"मागून. टाकीपाशी जाळी वाकलीय. नळाजवळच्या चिखलात पाऊल उठलंय."

सुई बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं आणि ते धरलं होतं म्हणून काही बोलायची वेळ आली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ठसा बघायला ती गेलीच नाही. कशाला बघायचा? आदल्या संध्याकाळी ती त्या चिखलातूनच आली होती. नवरा पुढच्या दाराचं कुलूप ओढून बघायला वळला तसं तिने खुरपं घेतलं, नळाजवळची माती उकरली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि धण्याचे दाणे विस्कटून टाकले.

"अगं, पुरावा होता तो!" तो परत येऊन म्हणाला.

"मला काय माहीत? जमीन ओली होती, म्हटलं पेरून घ्यावं."

"आताच सुचलं पेरायला?"

"सुचतं तेव्हाच सुचतं."

 तो आत गेला आणि परगावच्या लेकीला फोन लावला. आठवड्याभरात लेकीने दोन कॅमेरे पाठवले. एक पुढच्या दारावर लागला, एक मागच्या भिंतीवर, उजव्या हाताला. नवऱ्याला नोकरी परत मिळाल्यासारखं झालं. फोनच्या पडद्यावर अंगण दिसायचं, आणि तो जेवताना फोन ताटाशेजारी उभा करून ठेवायचा. दिवसा चित्र छान यायचं. अंधार पडला की सगळं राखेच्या रंगाचं व्हायचं. मांजर की पिशवी ते ओळखू येत नसे. म्हणून सकाळची फेरीही ती आता उजाडायच्या आत, तो झोपेत असतानाच उरकायची.

"याला दिवा लागेल," तो म्हणाला. "मोठा. हालचाल झाली की आपोआप लागणारा."

"मग आणा की."

"तूही चल. उजेडातलं तुला जास्त कळतं."

हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो तिचं कौतुक करायला लागला तो नेमका याच कामासाठी. चपला घालता घालता तिने हिशेब मांडला. त्या अंगणात दिवा लागला म्हणजे तिची वाट उजेडात येणार. वाट बंद झाली म्हणजे थेंब बंद. आणि थेंब बंद झाले म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगून ठेवलंच होतं.

विजेच्या सामानाचा दुकानदार ओळखीचा होता. त्याच्या दुकानाच्या काचेला आतून लावलेला पडदा तिनेच शिवला होता. त्याने काउंटरवर दिवे मांडले, छोटे, मोठे, एका डोक्याचे, दोन डोक्यांचे, आणि एकेक लावून समोरच्या भिंतीवर झोत पाडून दाखवायला लागला.

"कॅमेऱ्याबरोबर लावायचाय ना? मग फार जळजळीत नको," तो म्हणाला. "हे दोन मध्यम घ्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्हीकडून उजेड आला की सावली उरत नाही, माणसाचा चेहरा दिसतो."

"आणि हा?" नवऱ्याने सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदाराने तो लावला. तिघांनीही डोळे मिटले.

"हा मैदानावर लावतात, साहेब. कॅमेऱ्याजवळ लावला तर समोरच्या पांढऱ्या वस्तूवर आपटून परत येतो. चित्र धुऊन निघतं. दुधात बुडवल्यासारखं दिसेल."

ती त्या भिंतीकडे बघत होती. झोत पडला होता तिथे भिंतीवरचे खिळेसुद्धा दिसत होते, पण झोताच्या कडेला, जिथे मघाशी कॅलेंडर दिसत होतं, तिथे आता काहीच दिसत नव्हतं. हे तिला नवीन नव्हतं. खिडकी जितकी लख्ख, तितकी तिच्या शेजारची भिंत काळी. गिऱ्हाईक म्हणायचं, वहिनी, खोलीत अंधार आहे, पडदा पातळ करा. आणि ती सांगायची, पातळ नाही, जाड करा, मग डोळे निवतील आणि कोपरे दिसतील. त्या काउंटरपाशी उभं राहून तिने आपलं अंगण मनात मांडलं. उजवीकडे कॅमेरा, त्याखाली हा दिवा, डावीकडे पांढरी टाकी. टाकी लखलखेल. आणि टाकीमागे पडेल ती सावली डांबरासारखी असेल.

"हाच घ्या," ती म्हणाली.

"वहिनी, इतका उजेड कॅमेऱ्याला सोसायचा नाही."

"चोराला सोसला नाही म्हणजे झालं," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला. खूप दिवसांनी हसला होता.

बसवायला दुकानदारच आला. शिडीवर चढून त्याने पुन्हा एकदा विचारलं, "निदान डाव्या बाजूला लावू का? टाकीच्या मागचंही दिसेल."

"डावीकडे लावला तर सगळा झोत आमच्या झोपायच्या खोलीत येईल," ती खालून म्हणाली. "मग मलाच दुसरा पडदा शिवावा लागेल. चांभाराच्या बायकोच्या पायात चप्पल नसते, भाऊ. माझ्या घरच्या पडद्याला मला कधी सवड व्हायची?"

दिवा उजवीकडे लागला.

पहिल्या संध्याकाळी नवरा फेरफटक्याला गेल्यावर ती मागच्या दारात उभी राहिली.  भिंतीला लागून डावीकडे सरकली, टाकीच्या आडोशाला पोहोचली, आणि दिवा लागला नाही. हालचाल टिपणारा त्याचा डोळा टाकीने झाकला होता. त्या काळ्या पट्ट्यात ती क्षणभर थांबली. मापाचा होता अगदी. एक माणूस सहज मावेल एवढा रुंद. तिला स्वतःच्या हुशारीचं जरासं हसूही आलं.

त्यानंतरचे काही आठवडे घर कॅमेऱ्यावर चाललं. दिवा लागायचा आणि नवरा हातातला घास टाकून फोनवर वाकायचा. मांजर. पतंग. दोरीवर राहिलेली उशीची खोळ. टाकी मात्र त्या चित्रात चंद्र उतरल्यासारखी पांढरीफटक दिसायची आणि तिच्या आजूबाजूचं सगळं धुऊन जायचं. "दुकानदार म्हणत होता ते खरं की काय," असं नवरा पुटपुटायचा. ती म्हणायची, "राहू द्या हो, घाबरायला तेवढं पुरे."

एका संध्याकाळी दोघं समोरासमोर बसली होती. ती भाजी चिरत होती, तो चष्मा पुसत होता. दिवा लागला. नवऱ्याने फोन उचलला, पाहिला, खाली ठेवला. "काही नाही." थोड्या वेळाने विझला. मग पुन्हा लागला.

"मांजर असेल," ती म्हणाली.

"मांजर दिसतं तरी," तो म्हणाला.

तिचा हात सुरीवर थांबला. आजवर दिवा लागला की तिला एकच विचारायचं असायचं, आपण तर नव्हतो ना? आणि आपण नव्हतो हे कळलं की जीव भांड्यात पडायचा. आज पहिल्यांदाच तो पडला नाही. आपण इथे बसलोय. मग तिथे काय आहे? पण हा प्रश्न मोठ्याने विचारला तर त्याच्या मागोमाग दुसरे प्रश्न आले असते. तिने भाजी चिरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. धाकटी स्वयंपाकघरातल्या खाटेवर बसली होती; हल्ली ती त्या एकाच खोलीत राहायची, पुढची, गेलेल्या कारकुनाची खोली बंदच असायची. डोक्यावरचा बारीक दिवा लावून ताईने तिची हनुवटी वर केली.

"वर बघ. हलू नकोस."

थेंब पडला. धाकटीने डोळे मिटले.

"ताई, रागावलीस का गं माझ्यावर?"

"आता काय केलंस तू?"

"मग काल परत आलीस तेव्हाही बोलली का नाहीस?"

ताईने बाटलीचं झाकण लावलं. ते नीट लागेना.

"परत कधी आले मी?"

"अशी काय करतेस. औषध घालून गेलीस, आणि जरा वेळाने आलीस की. दारात उभी राहिलीस. मी म्हटलं, ताई, काही विसरलीस का? तर काही बोलली नाहीस. मग मी म्हटलं, असेल भाऊजींचं काहीतरी, डोकं तापलं असेल. मीही गप्प बसले."

"मग?"

"मग आत गेलीस."

"आत कुठे?"

धाकटीने मिटल्या डोळ्यांनीच पुढच्या खोलीकडे मान वळवली. "मला वाटलं, यांचं काहीतरी आवरायला काढलंयस. मध्ये मध्ये जातेस ना. मला सांगत नाहीस, मी रडेन म्हणून. मला कळतं गं."

 पुढच्या खोलीत कारकून गेल्यापासून ती एकदाही शिरली नव्हती. तिने आवाज जागेवर ठेवला. गिऱ्हाइकाचं कापड कमी भरलं की ठेवायची तसा.

"कधीपासून जाते मी अशी?"

"तुमचा तो दिवा लागला त्याच्या आधीपासून. का गं?"

"दिसते कशी मी?"

"मला कुठे धड दिसतंय? धुक्यात दिसावं तशी. पण काल जरा उंच वाटलीस." धाकटी हसली. "म्हटलं, ताई या वयात वाढायला लागली की काय."

ताईने दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. पुढच्या दाराची चावी तिथे असायची.

"चावी कुठे ठेवलीस, छोटी?"

"तिथेच असेल की. मी कुठे बाहेर जाते?"

खिळा रिकामा होता.

पुढच्या खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं. बोटभर फट होती. ताई त्या फटीकडे पाठ न करता उठली. धाकटीला तिथे एकटी सोडून जायचं नव्हतं, आणि हाताला धरून त्या अंधाऱ्या पट्ट्यातून एकटीने न्यायचीही हिंमत नव्हती. जाळीपर्यंत गेलं की आपल्या घरचं मागचं दार दिसतं, आणि नवरा परतायची वेळ झालीच होती.

"दारात येऊन बस माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मोकळ्या हवेत बस जरा."

"थंडी आहे गं."

"बस म्हटलं ना."

तिने धाकटीला उंबऱ्यावर बसवलं, स्वतः जाळीपाशी उभी राहिली, आणि आपल्या मागच्या दारात सावली हलली तशी तिने जन्मात पहिल्यांदा त्या कोपऱ्यातून हाक मारली.

"अहो! इकडे या. टाकीच्या मागे."

नवरा अंगणात आला. दिवा लागला आणि तो हात डोळ्यांवर धरून उभा राहिला. "कुठे आहेस तू? मला दिसत नाहीस."

"दिसायचीच नाही. तशीच सोय केलीय मी. या, सांगते."

तिने सांगितलं. जाळीच्या अलीकडे तो, पलीकडे ती. थेंब, डबा, सकाळ-संध्याकाळ, दिवा का उजवीकडे, का एवढा मोठा. बोलायला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला.  शेवटी ती म्हणाली, "आणि त्या दिवशीचं चिखलातलं पाऊल माझं होतं. म्हणून माती उकरली."

"तुझं नव्हतं," तो म्हणाला.

"अहो, मीच गेले होते तिथून."

"मी माझा बूट शेजारी ठेवून पाहिला होता. माझ्या बुटापेक्षा मोठं होतं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

दोघंही जाळीच्या दोन बाजूंना उभी राहिली. तिला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून फोन काढला आणि जुनी चित्रं उघडली. जाळीतून तिच्यापुढे धरला. राखेच्या रंगाचं अंगण, टाकी, आणि टाकीच्या कडेने सरकणारी एक काळी रेघ.

"मी याला टाकीची सावली समजत होतो," तो म्हणाला. "ही तू?"

"हो. डबा आहे हातात."

"ही?"

"मीच."

"ही?"

"हो."

"ही?"

तिने जाळीला नाक टेकवून पाहिलं. टाकीच्या वरच्या काठापर्यंत तिचं डोकं पोहोचत नसे. वर साचलेला पाला काढायला तिला नेहमी स्टूल लागायचं. या चित्रात टाकीच्या काठावरून एक डोकं संथपणे गेलं होतं. घाई नव्हती. वाट पाठ होती.

अशी आणखी चित्रं निघाली. नवऱ्याने ती मोजली नाहीत. फोन खिशात टाकला, जाळी सारली आणि अंग चोरून पलीकडे आला. इतक्या वर्षांनी धाकटीच्या दारात तो उभा राहिला तेव्हा ती दचकून म्हणाली, "कोण?"

"मी. भाऊजी."

"अगंबाई. आवाज बदलला हो तुमचा."

"म्हातारा झालो. चला, आमच्याकडे चला. आत्ता."

"आत्ता? अहो, पण का?"

"तिथे बोलू."

त्याने अंगणातला एक बांबू उचलला आणि आत जाऊन पुढच्या खोलीचं दार त्या बांबूने ढकललं. कुणी नव्हतं. खाटेवर पांघरूण होतं, घडी घातलेलं, उशाशी पावाचा अर्धा तुकडा. दाराच्या मागे एक खुर्ची होती. बसलं की नेमकी फट डोळ्यांसमोर यावी अशी ठेवलेली. ताईने त्या फटीतून पाहिलं. समोर धाकटीची खाट, वर बारीक दिवा. आपण रोज हनुवटी वर करून थेंब घालतो ती जागा.

स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी मालवला, मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि धाकटीला दोन्ही बाजूंनी धरून जाळीतून आणलं.  तिला कोचावर बसवून नवऱ्याने पोलिसांना फोन लावला. गाडी बाहेर आहे, येईल, असं पलीकडून सांगितलं. पुढच्या दाराचं कुलूप त्याने दोनदा ओढून पाहिलं, मग तिसऱ्यांदाही.

ताईने शिलाईचं कपाट उघडलं. दुहेरी पडद्यासाठी आणलेल्या काळ्या अस्तराचा अख्खा तागा काढला आणि अंगणात जाऊन पांढऱ्या टाकीवर टाकला. चारी बाजूंनी ओढून घेतला, कडेला विटा ठेवल्या. मग स्टूल घेतलं. दिव्याचं डोकं गरम होतं; पदराने धरून तिने ते डावीकडे वळवलं, इतकं की झोत टाकी ओलांडून कुंपणावर आणि कुंपणापलीकडे पोहोचला.

"आता बघा," तिने आत हाक दिली.

"दिसतंय," नवरा म्हणाला.  "सगळं दिसतंय गं. जाळीची एकेक तार दिसतेय. तिच्या दाराची कडी दिसतेय."

एवढंसं काम होतं. ते पहिल्या दिवशी करता आलं असतं. तिने स्टूल आत आणलं, मागचं दार लावलं. दिवा आपोआप विझू नये म्हणून नवऱ्याने त्याची कळ कायमची चालू करून ठेवली. मग तिघं बसली. फोन मधल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा. बाहेर अजून माणसांची वर्दळ होती, कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत होतं.

धाकटीला हळूहळू सगळं सांगावं लागलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मी त्याच्याशी बोलायचे गं. तू आहेस असं समजून. इतकं काय काय सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"सगळंच. तुझी यायची वेळ ही नव्हे, भाऊजी अमुक वेळी बाहेर असतात, असं बोलत बसायचे. तुमच्या दोघांचं. घरात तू किती एकटी असतेस ते." ती ताईचा हात चाचपडत राहिली. "तो ऐकून घ्यायचा."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. पडद्यावर पलीकडचं घर स्वच्छ उभं होतं. दार बंद, कडी जागेवर, स्वयंपाकघराची खिडकी काळी.

मग ती खिडकी उजळली.

कुणी जागचं हललं नाही. धाकटीला त्यांचे श्वास थांबलेले ऐकू आले असावेत. "काय दिसतंय, ताई?" तिने विचारलं.

"काही नाही" हे शब्द ताईच्या जिभेवर तयारच होते. आयुष्यभर ते तिथेच असायचे. तिने ते गिळले.

"तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागलाय, छोटी. कुणीतरी आत आलंय."

खिडकीत एक माणूस आला. उंच होता. त्याने रिकाम्या खाटेकडे पाहिलं असावं, कारण तो थोडा वेळ पाठमोरा होता. मग वळला आणि काचेला कपाळ लावून थेट या झोताकडे बघत राहिला. डोळ्यांवर हातही घेतला नाही. चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता.

"ओळखतेस?" नवरा कुजबुजला.

गल्लीतल्या प्रत्येक घरात ती शिरली होती. तिने नीट बघितलं.

"नाही."

त्या माणसाने हात वर नेला. खिडकी काळी झाली. दोघं फोनवर वाकून मागच्या दाराच्या कडीकडे बघत राहिली, पण ती हलली नाही. त्याच्याकडे पुढच्या दाराची चावी होती, आणि ते दार पलीकडच्या गल्लीत उघडत होतं. तिकडे त्यांचा कॅमेरा नव्हता.